काठावरचा फेस

डॉक्टर चारुलतांनी बोटाएवढ्या काचेच्या नळीला बूच लावलं, ती जोरजोरात हलवली आणि खिडकीच्या उजेडात धरून त्या बघत राहिल्या. सलिलही बघत राहिला. नळीच्या तळाशी थोडंसं गढूळ पाणी होतं आणि त्याच्यावर, काचेच्या काठाला धरून, फेसाचं बारीक कडं. बघता बघता ते कडं एका बाजूने तुटलं, उरलेले बुडबुडे एकामागून एक फुटले आणि पाणी सपाट झालं. "बसला," सलिल म्हणाला, "छान!" म्हणाला तो अगदी मोकळ्या गळ्याने, कित्येक वर्षं दिवसातून दहा वेळा म्हणत आला होता तसा. मग त्याच्या लक्षात आलं, की खोलीत दुसरं कुणीच खूश झालेलं नाही. सुरय्या सिस्टर चिकटपट्टी कापायची थांबली होती. डॉक्टरांनी नळी खाली घेतली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "छान नाही हो," त्या म्हणाल्या. "हे तुमच्या मुलीच्या पोटातलं पाणी आहे. गर्भात असताना बाळ फुफ्फुसातून आलेला द्रव गिळत असतं. त्यात फेस टिकला असता तर फुफ्फुसं तयार आहेत असं मी म्हटलं असतं. नाही टिकला. दिवस भरायच्या आधीच आलीय ती. फुफ्फुसातले बारीक फुगे श्वास सोडला की मिटून चिकटतायत तिचे. दर श्वासाला नव्याने उघडायचे म्हणजे दमेल ती. सरफॅक्टंट द्यावं लागेल, नळीतून, थेट आत. सही करा."

सलिलने सही केली. कुठे केली, काय वाचलं, काही त्याला नंतर आठवेना. सरफॅक्टंट हा शब्द त्याला कुणी समजावून सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. चाकणच्या एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीच्या प्रयोगशाळेत तो या शब्दावरच तर पोट भरत होता. द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण उतरवतं ते सरफॅक्टंट. साबण तेच, शाम्पू तेच. त्याच्यामुळे फेस येतो आणि टिकतो, आणि कारखान्यांना फेस नको असतो. टाकीतून उतू जातो, पंपात हवा शिरते, रंगात बुडबुडे राहतात. म्हणून सलिलची कंपनी डिफोमर बनवायची, फेस येऊ न देणारं रसायन, सिलिकॉनच्या तेलाचं. उंच काचपात्रात द्रव घ्यायचा, त्यात डिफोमरचा थेंब टाकायचा, खसाखसा हलवायचं, टेबलावर ठेवायचं आणि बघत बसायचं. फेस बसला की पास. आपला मुलगा काय करतो हे आईने शेजारणीला एका वाक्यात सांगितलं होतं, "तो फेस घालवतो." शेजारीण म्हणाली होती, "त्यालाही पगार देतात?" या गोष्टीवर घरात वर्षानुवर्षं हसत आले होते सगळे. आता खिडकीपाशी उभं राहून सलिलला ती आठवली आणि तिच्यात हसण्यासारखं काय होतं ते त्याला कळेना. एक नळी हलवली होती, फेस बसला होता, आणि त्याची मुलगी नापास झाली होती. त्याचं सगळं आयुष्य एका बाजूने बरोबर होतं आणि तेच दुसऱ्या बाजूने वाचलं तर भयंकर होतं. कोणत्या बाजूने वाचायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

औषध दिलं, आणि ते लागू पडलं. संध्याकाळपर्यंत मुलीच्या बरगड्यांमधले खड्डे कमी झाले, काचेच्या पेटीत ती जरा शांत पडून राहिली. थेरगावच्या त्या हॉस्पिटलमध्ये, डांगे चौकाचा सगळा कलकलाट खिडकीबाहेर चालू असताना, सलिल पेटीपासून हातभर लांब उभा राहून बघायचा. हातभरच. त्याहून जवळ तो गेला नाही. पहिल्या दिवशी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्याच्या स्वतःच्यासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आत जाण्याआधी बेसिनवर तो कोपरापर्यंत हात धुवायला लागला आणि साबणाला फेस येईना. त्याने पुन्हा साबण घेतला, चोळचोळ चोळला. हातावर नुसता पांढुरका चिकटा आला, फेस म्हणावा असा नाहीच. तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसा तो विचार त्याच्या मागे लागला तो तिथेच, त्या बेसिनवर. माझ्या हातांना फेस येत नाही. माझ्या हातात तेल मुरलंय.

या विचाराला मूळ नव्हतं असं नाही. चाकणमध्येच एका मोटारीच्या कारखान्यात धम्मरत्न नावाचा त्याचा मित्र पेंट शॉप सांभाळत होता. पेंट शॉपवाल्यांइतकी सोवळी माणसं जगात दुसरी नसतील. आत जायचं तर डिओ नको, केसांना तेल नको, हाताला क्रीम नको. सिलिकॉनचा डोळ्यालाही न दिसणारा कण ओल्या रंगावर पडला तरी रंग त्याच्यापासून अंग चोरून मागे सरतो, मध्ये गोल खड्डा पडतो आणि चकचकीत बॉनेट पुन्हा घासायला जातं. सलिलच्या कंपनीचं डिफोमर त्यांच्या धुण्याच्या टाकीत मोजून मापून जायचं, पण सलिलला स्वतःला धम्मरत्न दाराच्या आत घ्यायचा नाही. "राव, तुमचं औषध चालतं, तुम्ही नाही चालत," म्हणायचा, आणि बाहेर कँटीनमध्ये बसवून चहा पाजायचा. "अंगात मुरलंय तुमच्या ते. शंभर आंघोळी करा." सलिलच्या लग्नात तो स्टेजवर आला तो दुरूनच हात जोडून उभा राहिला, "गळ्यात पडलो असतो, पण सोमवारी ड्युटी आहे." फोटोवाल्यासकट सगळे खो खो हसले होते. ऋचा तर इतकी हसली की मुंडावळ्या घसरल्या. आता तेच वाक्य सलिलच्या कानात फिरत राहिलं. शंभर आंघोळी करा. बॉनेटवर कण पडला तर बॉनेट घासता येतं. तिच्या फुफ्फुसात जो ओलसर पापुद्रा डॉक्टरांनी कालच बाहेरून आणून घातलाय, ज्याच्यावर तिचा एकेक श्वास तोलून धरलाय, त्याच्यावर पडला तर?

त्याला हे खरं वाटत होतं का? विचारलं असतं तर त्याने नाही म्हणून सांगितलं असतं. केमिस्ट होता तो. माणसाच्या कातडीतून असं काही उडून फुफ्फुसात जात नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या डिफोमरचं सख्खं भावंड तान्ह्या बाळांना पोटफुगीवर थेंब म्हणून पाजतात, हे तर तो स्वतःच नव्या सेल्सवाल्यांना ऐटीत सांगायचा. पण कळतं पण वळत नाही. तो फोनवर वाचत बसला. फुफ्फुसवाल्यांचे लेख, साबणाच्या पापुद्र्यांवरचे भौतिकशास्त्रवाल्यांचे लेख, त्याच्या स्वतःच्या धंद्यातले. तिन्हीकडे तीच वक्र रेषा काढलेली होती, पृष्ठभाग ताणला की ताण चढतो, आकसला की उतरतो. पण एका ठिकाणी तिचं नाव एक, दुसरीकडे दुसरं, आणि तिघांनी एकमेकांचं काही वाचलेलं दिसत नव्हतं. एकाच वाड्यातले तीन भाऊ वेगळ्या चुली मांडून बसावेत तसं. आणि तो तरी कुठे वेगळा होता? मागे एकदा कंपनीने त्याला पुण्यात एका चर्चासत्राला धाडलं होतं, निरनिराळ्या शास्त्रांतल्या लोकांनी एकत्र बसून बोलावं म्हणून भरवलेल्या. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी फळ्यावर आडवी रेघ मारली होती. वर हवा, खाली पाणी. मग ती रेघ तळहाताने फरपटून पुसत म्हणाले होते, "अशी रेघ कुठेच नसते. ही जागा हलती असते. दर क्षणाला काही येतं, काही जातं. तिथे काय चाललंय हे एकट्या कुणालाच पुरतं दिसत नाही." त्यानंतर फुफ्फुसांवर कुणीतरी बोलणार होतं. सलिल तेव्हा बाहेर येऊन सामोसे खात होता. फुफ्फुसांचा आपल्याशी काय संबंध, असं त्याला वाटलं होतं. सामोसे चांगले होते एवढं त्याला अजून आठवत होतं, आणि ते आठवतं याचा त्याला राग आला.

चऱ्होलीतल्या नव्या सोसायटीत तो घरी यायचा, आंघोळ करायचा, जेवायचा, पुन्हा आंघोळ करायचा. बेसनाने अंग घासायचा, रिठ्याने घासायचा, एकदा तर भांड्याच्या साबणाने घासलं. कंपनीतून त्याने सुट्टी घेतली होती, पण सहीसाठी एकदा चाकणला जावं लागलं, तेव्हा वाटेत इंद्रायणीच्या पुलावर गाडी थांबवली. नदीवर फेस आला होता. पांढरा, ढिगाने, वाऱ्याने हलणारा. दोन पोरी त्याच्यासमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या, एक बाई नाकाला पदर लावून घाईने जात होती. एरवी सलिल हा फेस बघताना मनात हिशोब करायचा, किती डिफोमर लागेल, कुठून सोडायचं. आज त्याला हिशोब जमेना. हा फेस वाईट, हे त्याला पक्कं माहीत होतं. नदीला घुसमटवणारा फेस. आणि त्या नळीतला फेस, तो नव्हता म्हणून मुलगी घुसमटली. मग फेस चांगला की वाईट? हा काय प्रश्न झाला, तो स्वतःला म्हणाला, पाचवीतलं पोरगंही असा प्रश्न विचारणार नाही. तरी तो कठड्याला टेकून त्या पांढऱ्या ढिगाकडे बघत राहिला. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला आणि शिवी देऊन बाजूने गेला.

मुलीचं श्वासाचं यंत्र निघालं, नाकातली नळी बारीक झाली, आणि डॉक्टर म्हणाल्या, आता हिला कुणाच्या तरी छातीशी द्यायला हवी. उघड्या अंगाला अंग लावून. कांगारू पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवते तसं, म्हणून त्याला कांगारूच म्हणायचे तिथे. पेटीपेक्षा माणसाच्या उबेत बाळ लवकर सुधारतं, श्वासाला ताल येतो. खरं तर हे आईचं काम, पण ऋचाला सिझरनंतर ताप येत होता, आणि ताप उतरेपर्यंत तिला आत सोडत नव्हते. "मग बाबा करतील की," सुरय्या सिस्टर म्हणाली. "छातीला दाढी तर नाही ना?" तिच्या विनोदाला सलिल हसला आणि म्हणाला, उद्या करू, आज जरा खोकल्यासारखं वाटतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आंघोळ नाही झाली. तिसऱ्या दिवशी तो आलाच उशिरा, भेटीची वेळ संपल्यावर. सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं. ती वर जाऊन ऋचाशी बोलली असावी, कारण तो वॉर्डात गेला तेव्हा ऋचा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"सिस्टर सांगत होत्या," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "पहिल्या दिवशी टेस्ट बिघडली तर तू छान म्हणालास."

"सवयीने गं. तोंडातून गेलं."

"आणि आता तिला घेत नाहीयेस."

सलिल स्टुलावर बसला. त्याने सांगायचा प्रयत्न केला. धम्मरत्न, बॉनेट, तेल, बेसिनवरचा साबण. सांगता सांगता त्यालाच ते इतकं खुळचट वाटायला लागलं, की शेवटची वाक्यं त्याने पुटपुटत संपवली. ऋचा शाळेत विज्ञान शिकवायची. तिने ऐकून घेतलं. "मग आंघोळ कर," ती म्हणाली.

"केली. तीन-तीनदा करतोय."

"मग?"

 ऋचा वळली. तापाने तिचे डोळे चकाकत होते, ओठ सुकले होते. "खरं सांग, सलिल. तुला ती नको होती का?" ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं. कुणीही म्हटलं असतं. पण सलिल खरंच आत शोधायला लागला, कपाटात हरवलेली वस्तू शोधावी तसा. नको होती? गेल्या दिवाळीत ऋचाने सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, एवढ्यात कशाला, घराचं सामान तरी लागू दे. ते नकोच होतं का? मग तो पाळणा ऑनलाइन बघत बसायचा, ते काय होतं? आणि नळी बघून छान म्हणालेला माणूस कोण होता? त्याला काहीच नीट हाती लागेना. तो शोधत होता तेवढ्या वेळात ऋचाचं उत्तर तिला मिळालं. तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. "उद्याही नाही घेतलंस," ती म्हणाली, "तर माझ्या भावाला बोलावते मी. कुणाच्या तरी छातीला लागू दे तिला." 

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बेसिनवर उभा होता. शेजारी नौशाद हात धुवत होता. कासारवाडीत त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं, त्याचा मुलगा दोन पेट्या पलीकडे होता. नौशादच्या नखांच्या कडांत काळं ग्रीस कायमचं बसलेलं, तळहाताच्या रेघासुद्धा काळ्या. तो जोर लावून घासत होता, आणि त्याच्याही हातावर फेस येत नव्हता. नुसता पांढुरका चिकटा. सलिल बघतच राहिला. टँकरचं पाणी. जड पाणी. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे तो कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकला होता, परीक्षेत लिहिलं होतं, पुढे पोरांना शिकवलंही होतं. इतके दिवस त्याच्या डोक्यात ते आलं नव्हतं. "फेस येत नाही ना?" त्याने विचारलं. "फेस कशाला पाहिजे, भाऊ," नौशाद म्हणाला, "मळ गेला म्हणजे झालं." आणि हात कोरडे करून, शर्टाची बटणं चालता चालता सोडत, तो आत गेलासुद्धा. सलिल हसला. एकटाच, बेसिनसमोर, बराच वेळ. आता भीती जायला हवी होती. तिचं मूळ तर उपटून हातात आलं होतं. पण मूळ निघालं तरी झाड तिथेच उभं राहिलं होतं. हसून झाल्यावर त्याने पुन्हा साबण घेतला आणि परत कोपरापर्यंत हात धुतले.

सुरय्या सिस्टरने त्याला आरामखुर्चीत बसवलं, शर्ट उघडायला लावला, आणि पेटीतून टोपी घातलेलं ते मूठभर गाठोडं उचलून त्याच्या छातीवर उभं ठेवलं. वरून कापड गुंडाळून बांधलं. सलिलने श्वास धरला. काहीतरी गरम आणि ओलसर त्याच्या बरगडीला चिकटलं होतं, आणि त्याला वजन असं नव्हतंच. नुसती हालचाल होती, भराभर, पाखरासारखी. त्याने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळून धरले होते. "पाठीला हात लावा की, बाबा," सिस्टर म्हणाली. "असू दे," सलिल म्हणाला. "बांधलंय ना तुम्ही." सिस्टर काहीतरी बोलणार होती, पण पलीकडचं बाळ रडायला लागलं आणि ती तिकडे गेली. सलिल खाली बघत राहिला. टोपीखालचं कपाळ, कपाळावरच्या म्हाताऱ्या सुरकुत्या, अर्धं उघडं तोंड. आता ती आत घेते तेव्हा आत कुठेतरी हजारो फुगे उघडतायत, सोडते तेव्हा मिटता मिटता थांबतायत. मधल्या त्या पातळ पापुद्र्याने थांबतायत. आपल्या कातडीपासून किती लांब असेल ते? तो हिशोब करायला लागला. आणि हिशोब करता करता त्याच्या लक्षात आलं, की छातीवरची हालचाल थांबली आहे.

तो वाट बघत राहिला. हालचाल आली नाही. ओठांचा रंग बदलला, की उजेड बदलला? शेजारचं, श्वास आणि ठोके मोजणारं यंत्र टिटवीसारखं ओरडायला लागलं. "सिस्टर!" "विसरतात हो ती श्वास घ्यायला!" सुरय्या सिस्टर तिथून ओरडली; तिचे दोन्ही हात दुसऱ्या पेटीत अडकलेले होते. "तळवा चोळा! पायाचा तळवा चोळा, बाबा, लवकर!" सलिलने खाली पाहिलं. कापडाच्या कडेतून एक पाऊल बाहेर आलं होतं, त्याच्या अंगठ्याएवढं. आपले हात, त्याच्या मनात आलं, आपले हात नकोत. नौशादचे चालतील, सिस्टरचे चालतील, कुणाचेही चालतील, आपले नकोत. असा विचार करीत असताना त्याचा उजवा हात दांड्यावरून सुटून कधीच त्या पावलावर गेला होता. त्याने तळवा चोळला. काही नाही. पुन्हा चोळला, जरा जोराने, नखाने खरवडल्यासारखा. "घे," तो म्हणत होता, "घे ना गं, घे." पाऊल आखडलं. सगळ्या अंगाला एक झटका बसला, तोंड उघडलं आणि आत हवा गेल्याचा बारीक, ओला आवाज झाला. मग दुसरा. मग ती चिडून रडली, मांजराच्या पिलाएवढ्या आवाजात. यंत्र गप्प झालं. सलिलचा दुसरा हातही केव्हातरी तिच्या पाठीवर जाऊन बसला होता आणि आता तो काढायचा कसा हे त्याला आठवेना.

तो रडत होता हे त्याला सिस्टर जवळ आल्यावर कळलं. तिने आकडा पाहिला, मुलीचा रंग पाहिला. "केलं की तुम्ही," ती म्हणाली. "असंच करायचं असतं. वर आईला सांगते."  तो मुलीच्या तोंडाकडे बघत होता. रडून रडून तिच्या ओठाच्या काठावर थुंकीचे बारीक बुडबुडे आले होते, साबुदाण्याहूनही लहान, एकमेकांना धरून बसलेले. सवयीने तो वाट बघायला लागला. आता एका बाजूने तुटेल. आता एकेक करून फुटतील. आतून श्वास आला की ते पसरत होते, गेला की जवळ येत होते, आणि फुटत नव्हते. त्याला काही कळत नव्हतं, हे चांगलं की नुसतीच थुंकी, आणि कळून घ्यायची घाईही त्याला वाटत नव्हती.

"तोंडाला फेस आलाय तिच्या," सिस्टर म्हणाली आणि तिने कापसाचा बोळा पुढे केला. "पुसून घेते."

सलिलने पाठीवरचा हात न काढता मान हलवली.

"नको," तो म्हणाला. "राहू दे."